तीन बोटं

नऊशे मुलं एकदम हसली. हसण्यासारखं होतंही ते. स्टेजवर अगदी मागे, ढोलांच्या शेजारी बसलेल्या एका लठ्ठ, टक्कल पडलेल्या माणसाने मांडीवरचा भलामोठा पितळी बाजा सावरला, गाल फुगवले आणि एकट्याने वाजवलं : पोम्. मग नुसतीच शांतता. मग पोम्, पोम्. पाऊण तास व्हायोलिनं, बासऱ्या आणि काळे सनईसारखे बाजे ऐकत शहाण्यासारखी बसलेली मुलं या पोमवर फुटली. संघमित्राच्या शेजारच्या खुर्चीवरून राजेश ओरडला, “बाई, म्हैस!” आणि पाचवी ब ची अख्खी रांग खुर्च्यांवर उड्या मारू लागली. संघमित्राही हसली. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की तोंड दाबून का होईना, त्या क्षणी तीही हसली होती. मुलांना गप्प करायला म्हणून ती वळणार, तेवढ्यात तिची नजर त्या माणसाच्या उजव्या हातावर गेली. पालिकेच्या शाळांना फोटोसाठी पुढच्या रांगा दिल्या होत्या, त्यामुळे हात स्पष्ट दिसत होता. अंगठा आणि करंगळी पितळेला टेकून स्थिर. मधली तीन बोटं तीन कळांवर. पहिलं खाली, मग दुसरं, मग पहिली दोन एकदम, मग तिसरं. बाज्यातून आवाज येत नव्हता तेव्हाही बोटं थांबत नव्हती. कळ न दाबता, नुसती टेकवत, ती आपली मोजत होती.

हे तिने पाहिलं होतं. बारा दिवसांपूर्वी, इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीपासून दुसऱ्या खाटेवर. तिच्या वडिलांची, अण्णांची, वाचा गेली होती, डावं अंग गेलं होतं, उजव्या हाताला सलाइन लावलेलं होतं. दुपारची वेळ. समोरच्या खाटेवरचा म्हातारा डब्यातली खिचडी खात होता आणि त्याची सून त्याचा चेहरा पुसत होती. संघमित्रा स्टुलावर बसून निकालपत्रकं तपासत होती. सुट्टी मिळाली होती, पण पत्रकं तिच्याकडेच राहिली होती. चादरीवर काहीतरी हललं म्हणून तिने पाहिलं. अण्णांची मधली तीन बोटं खालीवर होत होती. थांबत होती, पुन्हा हलत होती. तिने सिस्टरला हाक मारली, म्हणाली, “हात थरथरतोय बघा.” सिस्टर लांबूनच म्हणाली, “होतं कधीकधी. सुई सांभाळा तेवढी.” म्हणून तिने आपला तळवा त्या बोटांवर ठेवला. बोटं तळव्याखालून उचलली गेली. तिने दाबलं. पुन्हा उचलली गेली, तशी तिने जरा जोरात दाबलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, “अण्णा, हात हलवू नका. सुई निघेल.” अण्णांनी डोळे तिच्याकडे वळवले. बराच वेळ पाहिलं. मग बोटं थांबली. तिला वाटलं, बरं झालं, झोप लागली. तिने डाव्या हाताने पुढचं पत्रक ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले. मधल्या वेळात ती बोटं पुन्हा हलली नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत आली होती, शेवटी हात फार थरथरत होता हो. लोक मान हलवायचे. त्यांच्याही घरी कुणाचा तरी हात थरथरलेला असायचा.

स्टेजवर वाद्यवृंदाचा तरुण कंडक्टर हसू आवरत नऊशे मुलांकडे पाहत होता. त्याने आजची रीत अशी ठेवली होती की आधी एका वाद्याने आपला भाग एकट्याने वाजवायचा, मग बाकीच्या सगळ्यांनी तीच चाल त्या वाद्याशिवाय वाजवायची. काय हरवलं ते मुलांनी ओळखायचं. व्हायोलिनांशिवायची चाल उघडीबोडकी वाटली होती. बासऱ्यांशिवायची वाजली तेव्हा आकांक्षा नावाची तिच्या वर्गातली एक मुलगी हात वर करून म्हणाली होती, “बाई, वरचं छप्पर उडालं!” कंडक्टरच्या इंग्रजीचं मराठी करून सांगणाऱ्या बाईंनी ते माइकवर पुन्हा सांगितलं आणि व्हायोलिनवाल्यांनी आपले गज स्टँडवर आपटून आकांक्षाला शाबासकी दिली होती. आता पाळी त्या पितळी बाज्याची, म्हणजे बासची. संघमित्रा खुर्चीत पुढे सरकली. पण हसू काही थांबेना. मागच्या रांगांतून म्हशी, बेडूक, आगबोटी असे निरनिराळे आवाज येत होते. कंडक्टरने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, त्या लठ्ठ माणसाकडे हात करून काहीतरी गमतीचं बोलला, तो माणूसही हसला, बाजा मांडीवर आडवा केला आणि कंडक्टर ढोलांकडे वळला. बासशिवायची चाल राहूनच गेली.

अण्णा त्याला बासच म्हणत. शामराव गमरे सोळा वर्षं गिरणीत होते आणि एकतीस वर्षं लालबागच्या एका बँडमध्ये. त्यातली काही वर्षं दोन्ही. संप झाला, गिरणी गेली, बँड राहिला. बाजा मालकाच्या गाळ्यात असायचा. घरी यायचं ते त्याचं फक्त तोंड, ओठ टेकवायची पितळी वाटी, हातरुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात. लहानपणी त्या वाटीतून संघमित्राने बाहुलीला चहा पाजला होता. रविवारी सकाळी अण्णा चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून नुसती ती वाटी ओठाला लावत, उजवा हात मांडीवर ठेवत आणि आपला भाग गिरवत. आवाज यायचा तो माशी बाटलीत अडकल्यासारखा. गॅलरीतली पोरं ‘पोंपोंकाका’ म्हणायची. अण्णांच्या समोर वही असायची, पाच रेघांची, त्यावर टिंबं. ठाकुरद्वारला एक गोव्याचे मास्तर राहायचे, त्यांच्याकडे तीन वर्षं संध्याकाळची पाळी चुकवून अण्णा ती टिंबं वाचायला शिकले होते. बँडमध्ये वाचून वाजवणारे तिघंच, बाकीचे कानाने. थोरले काका यायचे तेव्हा त्या वहीकडे बघायचेसुद्धा नाहीत. “बाबासाहेबांनी गावकीचं वाजवणं सोडायला लावलं आणि तू मुंबईत येऊन लोकांच्या लग्नात वाजवतोस?” अण्णा शांतपणे म्हणायचे, “गावात वाजवायला लागायचं, भाऊ. हितं मी वाचून वाजवतो.” काका म्हणायचे, “घोड्यावर बसलेल्याला ते दिसतं काय?” अण्णा वही मिटून खुंटीवरच्या पिशवीत ठेवायचे. संघमित्राला तेव्हा काकांचं पटायचं. काका तिला पुस्तकं आणून द्यायचे.

सातवी-आठवीत असताना तिने अण्णांना एकदा विचारलं होतं, की तुम्ही गाणं कधी वाजवणार? बँडमधल्या सगळ्यांना गाणं होतं, फक्त अण्णांना नव्हतं. अण्णा म्हणाले, “गाणं बाकीचे वाजवतात.” “मग तुम्ही काय वाजवता?” अण्णांनी विचार केला. खरंच विचार केला, हातातला घास ताटात परत ठेवून. म्हणाले, “लोक नाचतात ना मित्रा, त्यांचा पाय माझ्यावर पडतो.” आई खरकटं काढता काढता म्हणाली, “घ्या. म्हणजे पायपुसणं.” आणि तिघंही हसली. अण्णाच जास्त हसले.

ढोल संपले. ऑर्केस्ट्रा सूर जुळवू लागला. आता पूर्ण कृती, तीन भागांची. हितेंद्र नावाचा कार्यक्रमाचा तरुण संयोजक बाजूच्या वाटेवरून फिरत शिक्षकांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होता. याच हितेंद्रने महिन्यापूर्वी शिक्षकांची कार्यशाळा घेतली होती, चहा-सामोशांसकट. तो म्हणाला होता, वाद्यांची नावं मुलं विसरली तरी चालेल, पण टाळी कधी वाजवायची ते शिकवून आणा. भाग संपतो, वाद्यं थांबतात, हॉलमध्ये शांतता होते, तेव्हा टाळी वाजवायची नाही; कारण अजून बाकी आहे. कंडक्टर हात खाली सोडून आपल्याकडे वळला की मगच. संघमित्राने हे मनावर घेतलं होतं. रोज मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं ती वर्गात मोबाइलवर काहीतरी लावायची, मध्येच बंद करायची आणि मूठ वर धरायची. मूठ म्हणजे नाही. पंजा उघडला की टाळी. पहिले दोन दिवस गोंधळ झाला, मग मुलं अशी तयार झाली की तिने सहज केस सावरायला हात वर नेला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. मधले पाच दिवस ती नव्हती. सहाव्या दिवशी आली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाई, तुम्हाला कसं सांगू, पण कार्यक्रमाच्या फॉर्मवर नाव तुमचं आहे, मुलं तुमचंच ऐकतात.” आणि वर्गात शिरताना तिने पाहिलं, बेचाळीस मुलं उभी होती आणि बेचाळीस मुठी वर होत्या. कुणी शिकवलं नव्हतं. बाईंच्या घरी कुणी गेलं तर काय करायचं हे माहीत नसल्याने त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं होतं.

पहिला भाग सुरू झाला. तिने वरचं काहीच ऐकलं नाही. चाल, जी आता सगळ्यांना ओळखीची झाली होती, तिच्या डोक्यावरून गेली आणि ती खाली खाली पाहत राहिली, जसं माणूस गर्दीत पडलेली चप्पल शोधताना फक्त पाय बघतो. पोम् होतं. आपटत नव्हतं, मागतही नव्हतं. सगळं त्याच्यावर टेकलेलं होतं आणि टेकलेल्यांना ते ठाऊक नव्हतं. तिच्या खुर्चीच्या लाकडी हातात ते येत होतं. वरचे सूर कानात यायचे, हा मात्र कोपरात. तिला आठवलं ते तिचं लग्न. नायगावचा हॉल, मुलगा बँकेत. वसंतकाका, बँडमधले ढोलवाले, महिनाभर आधी घरी आले होते. “मित्राच्या लग्नात आपण उभे राहणार. पुरी बारा माणसं. शामराव, तू त्या दिवशी कोट घालून म्होरं बस, तुझा बास मी दुसऱ्याकडून वाजवून घेतो.” अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिने त्या क्षणी काय विचार केला होता ते तिला आता अक्षर अन् अक्षर आठवत होतं : सासरच्यांना सांगितलंय, गिरणीत होते. ती म्हणाली होती, “बँड नको. हॉलमध्ये आवाज घुमतो.” अण्णा म्हणाले, “बरोबर आहे. छत खाली आहे तिथलं.” बाराही जण आले. गणवेश नव्हता, झालरी नव्हत्या, इस्त्रीचे पांढरे शर्ट. तिला त्यातले चौघंच ओळखता आले. शेवटच्या रांगेत बसले होते. विधी संपला, फुलं उधळली आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. वसंतकाकाच असणार. पुढच्या रांगेतल्या अण्णांनी मागे वळून नुसतं पाहिलं. ठेका थांबला. अण्णा पुन्हा पुढे वळले तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलत होती का, हे ती आता कितीही आठवायचा प्रयत्न करत होती तरी दिसत नव्हतं. तेव्हा तिने बघितलंच नव्हतं.

भाग संपला. वाद्यं थांबली. मागून टाळ्या फुटल्या, मोठ्या फीच्या शाळांतून, बाल्कनीतून. मग शिक्षिकांनी केलेले श्श, मग हशा. तिच्या बेचाळीस मुलांनी हातसुद्धा हलवला नाही. सगळे तिच्या मुठीकडे पाहत होते. ती मूठ तिने कधी वर धरली होती ते तिला कळलं नव्हतं. वाटेवरून हितेंद्रने तिला अंगठा दाखवला. स्टेजवर तो लठ्ठ माणूस बाजा उलटा करून आतलं पाणी खाली टाकत होता, अगदी अण्णांसारखंच, आणि तिच्या मनात आलं, आत्ता, या माणसासाठी एकदा टाळी वाजवावी. एकटीने. बँडला कुणी टाळी वाजवत नाही. एकतीस वर्षांत कुणी वाजवली नव्हती, कारण मिरवणूक पुढे चाललेली असते, थांबतं कोण. पण बेचाळीस डोकी तिच्याकडे वळलेली होती आणि नियम तिनेच घातला होता. मूठ उघडली असती तर ती सगळी पोरं टाळ्या वाजवू लागली असती आणि ती टाळी कुणासाठी हे त्यांना सांगावं लागलं असतं. कंडक्टरने काठी उचलली. दुसरा भाग संथ होता. त्यात बास जवळजवळ नव्हताच.

पर्समध्ये कागद होता. परवा, रविवारी, जलदानविधी आणि शोकसभा. मुलगी म्हणून तिला दोन शब्द बोलायचे होते. कार्ड विकासने, तिच्या धाकट्या भावाने, छापून आणलं होतं. आधी फोनवर वाचून दाखवलं होतं : “ऐक हं ताई. गिरणी कामगार, धम्मचळवळीचे निष्ठावान कार्यकर्ते, कालकथित शामराव धोंडू गमरे...” ती म्हणाली, “आणि बँडचं?” “बँडचं काय?” “घालायचं का?” विकास म्हणाला, “ताई, कार्डावर कुणी घालतं का? माझ्या ऑफिसमधून पंधरा जण येणारेत. पोरांचे मित्र येणार. लग्नात वाजवायचे म्हणून सांगू? तुला माहितीये ना लोक त्याचा काय अर्थ काढतात. आपल्याच बाबतीत काढतात.” ते खरं होतं. विकास खोटं बोलत नव्हता. शाळेत त्याने ते ऐकलं होतं, एकदा मार खाऊन आणि एकदा मार देऊन. “सोळा वर्षं गिरणी, एकतीस वर्षं बँड,” ती म्हणाली. “मग तू बोल ना भाषणात,” विकास म्हणाला, “मी कुठे नाही म्हणतोय?” आणि तिने वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. कष्ट, शिस्त, शिक्षणाची तळमळ, पंचशीलाचं आचरण. चारही खऱ्या. त्या कुणाच्याही वडिलांना चालल्या असत्या.

परतीच्या बसमध्ये मरीन लाइन्सपासून चिंचपोकळीपर्यंत मुलं पोम् पोम् करत होती. फक्त आकांक्षा खिडकीपाशी गप्प होती. मग म्हणाली, “बाई, त्या म्हशीवाल्याशिवाय वाजवून नाही दाखवलं.” “वेळ संपला ना गं.” “पण मग कळणार कसं, तो नसला तर काय होतं ते?” राजेश मागून म्हणाला, “काय नाय होत. म्हैस गेली, दूध बंद!” सगळी हसली. संघमित्रा पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने आपल्या उजव्या हाताची तीन बोटं पर्सच्या चामड्यावर ठेवून पाहिली. पहिलं, दुसरं, पहिली दोन एकदम. पुढचं आठवेना. तिचा हात थरथरत होता, आणि हे थरथरणं दिसायला अगदीच वेगळं होतं.

रविवारी करी रोडच्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल भरला. जिथे चाळीची गॅलरी होती तिथे आता गाड्या उभ्या राहतात, त्यांच्यामागे हा हॉल. पांढरे कपडे, मेणबत्त्या, बुद्ध आणि बाबासाहेब, खाली अण्णांचा कोटातला फोटो, तिच्या लग्नातलाच. त्रिशरण, पंचशील झालं. शाखेचे अध्यक्ष बोलले, विकासचे साहेब बोलले, त्यांनी अण्णांना एकदाच पाहिलं होतं पण चांगलं बोलले. बौद्धाचार्य म्हणाले, ताई, दोन मिनिटांत. ती उभी राहिली. शेवटच्या रांगेत वसंतकाका होते. बारापैकी आता तेवढेच उरले होते, तेही डाव्या कानाने गेलेले. उजवा कान पुढे करून, तोंड किंचित उघडं ठेवून ते तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, कष्ट. ती म्हणाली, शिस्त. तिसऱ्या ओळीनंतर ती थांबली. विकासने मान वर केली. हॉलमध्ये कुणी खोकलं. तिने चौथी ओळ वाचली आणि कागदाची घडी घातली. वसंतकाकांनी मान डोलवली, नीट ऐकू आलं नसलं की डोलवतात तशी.

मग दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उभे. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. खाली काही उरलं नाही. तिने वाट पाहिली, उगाचच, जशी मुलं तिच्या मुठीकडे पाहत थांबायची. तेवढ्यात बौद्धाचार्य म्हणाले, “बसा,” आणि कुणी बसलं, कुणी जेवणाकडे वळलं, खुर्च्या सरकल्या, बाहेर स्टीलच्या ताटांची चळत कुणीतरी जमिनीवर ठेवली. संघमित्रा बसली नाही. विकास हळूच म्हणाला, “ताई, झालं.” ती म्हणाली, “अजून बाकी आहे,” आणि माइककडे हात नेला, पण तो उचलून नेला होता. म्हणून ती तशीच बोलली. “माझे वडील बँडमध्ये होते. एकतीस वर्षं. बास वाजवायचे. वाचून वाजवायचे. इस्पितळात त्यांचा हात थरथरत नव्हता, ते वाजवत होते, आणि मी तो दाबून धरला.”

कुणी हसलं नाही. कुणी ऐकलंही नव्हतं. विकासने ऐकलं होतं. तो खाली मान घालून फोटोपुढची विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवू लागला, आणि ती पेटत नव्हती. लोक हात धुवायला रांगेत उभे होते. त्या रांगेच्या उलट दिशेने, प्रत्येकाच्या खांद्याला धरत धरत, वसंतकाका पुढे आले. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी उजवा कान तिच्या तोंडाजवळ आणला.

“काय म्हणालीस गो?” त्यांनी विचारलं. “शामराव काय करत होता?”

तिने त्यांचा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर तीन बोटं टेकवली.